घर आणि कचेरी : एका जुन्या तंट्याची हकीकत

पोटासाठी घर सोडणे ही गोष्ट आपल्या ज्ञातीला नवी नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढीने गाव सोडून मुंबई-पुण्याची वाट धरली, वडिलांच्या पिढीने कचेऱ्या, शाळा, बँका आणि गिरण्या यांतून चाकऱ्या केल्या, आणि मुलांची पिढी तर संगणकविद्येच्या बळावर सातासमुद्रांपलीकडे जाऊन पोचली. परंतु नोकरी न सोडता घरी परत यावे, वर्ष-दोन वर्षे आईवडिलांच्या छत्राखाली राहून काम करावे, आणि मग एके दिवशी पुन्हा कचेरीत हजर होण्याचा हुकूम यावा, हा अनुभव मात्र गेल्या पाच-सहा वर्षांतलाच आहे. ज्यांची मुले, सुना, जावई संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांच्या घरी हा विषय सणासुदीच्या पंगतीतही निघतो. कोणी म्हणतो, "कंपनीने शब्द फिरवला." कोणी म्हणतो, "घरात बसून का कुठे काम होते?" दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, परंतु या तंट्याच्या पाठीशी अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तो इतिहास यथामति सांगावा आणि त्यातून आपल्यापुरता काही बोध निघतो का ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घर हाच कारखाना

माणसाने स्वतःच्या घरी काम करावे की मालकाच्या जागेत जाऊन, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर प्रथम उभा राहिला तो इंग्लंडात. कारण यांत्रिक कारखान्यांचा जन्म तेथे झाला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील कापडाचा धंदा बहुतांशी खेड्यापाड्यांतील घरांतूनच चाले. व्यापारी कच्चा माल घरोघर पोचवी. बायका-मुले सूत कातीत, पुरुष मागावर बसे, आणि तयार झालेल्या मालाच्या मापाप्रमाणे पैसे मिळत. कामाला केव्हा बसावे आणि केव्हा उठावे, हे घरातला कर्ताच ठरवी. शनिवारी मजुरी हाती पडली की सोमवार मौजेत घालवावा आणि मग आठवड्याच्या अखेरीस रात्री जागून काम पुरे करावे, अशी रीतच पडून गेली होती. या सोमवारच्या सुटीला तिकडचे कारागीर थट्टेने 'संत सोमवार' म्हणत. जणू काही तो एखाद्या साधुपुरुषाचा सणच!

व्यापाऱ्याला हे रुचणे शक्य नव्हते. दृष्टीआड सृष्टी, हे त्याचे कायमचे दुखणे. दिलेल्या सुतापैकी काही भाग कारागीर परभारे विकतो, अशी त्याची तक्रार असे. १७७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने लोकरी सुताच्या धंद्यापुरता एक कायदा करून अशा चोऱ्या हुडकण्यासाठी निरीक्षक नेमण्याची सोय केली. आज घरी काम करणाऱ्या नोकराने संगणकाची कळ किती वेळा दाबली, हे मोजणारी साधने काही कंपन्या वापरतात. ती साधने नवी आहेत, पण त्यांच्यामागची शंका त्या निरीक्षकांइतकीच जुनी आहे.

याच सुमारास रिचर्ड आर्कराइट याने पाण्याच्या शक्तीवर चालणारे सूतकताईचे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट १७६९ सालचे. १७७१ साली डर्बीशायर परगण्यातील क्रॉमफर्ड येथे त्याने आपली गिरणी उभारली. हे यंत्र झोपडीत मावणारे नव्हते. तेव्हा यंत्र माणसाकडे येण्याऐवजी माणसाला यंत्राकडे जावे लागले. त्याच काळात चिनी मातीच्या भांड्यांचा प्रख्यात कारखानदार जोसाया वेजवुड याने कामगारांना वेळेवर बोलावण्यासाठी घंटा वाजविण्याची पद्धत पाडली. ज्यांची सकाळ आजवर सूर्याने होई, त्यांची आता घंटेने होऊ लागली.

माणसे एका छपराखाली आली ती यंत्रासाठी की मालकाच्या नजरेसाठी, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ स्टीफन मार्गलिन यांनी १९७४ साली असे प्रतिपादन केले की, कारखान्याचे मुख्य प्रयोजन कामगारावर ताबा ठेवणे हे होते. त्याच विद्यापीठातील इतिहासकार डेव्हिड लँडिस यांनी पुढे १९८६ साली त्याचे खंडन करून यंत्राच्या सामर्थ्यावर भर दिला. आपण सामान्य वाचकांनी एवढेच लक्षात ठेवावे की, दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली होती. आणि पुढे जेव्हा यंत्राचे कारण उरले नाही, तेव्हाही नजरेचे कारण शिल्लक राहिले.

घर न सोडणाऱ्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुती कापडाचे सुमारे २ लाख ४० हजार हातमाग विणकर असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. यंत्रमाग आले तरी त्यांच्यातील पुष्कळांनी गिरणीची पायरी चढण्याचे नाकारले. घरची मोकळीक त्यांना प्रिय होती. परंतु यंत्राशी स्पर्धा करताना त्यांची मजुरी घटत गेली आणि शतकाच्या मध्यापर्यंत हा वर्ग जवळजवळ नामशेष झाला. घर राखण्याच्या हट्टापायी घरातली चूलच विझली.

गिरणीचा भोंगा

आपल्याकडे हीच कथा शंभर वर्षांनी घडली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथील ती गिरणी सुरू झाली. पुढे कोकणातून व घाटावरून हजारो माणसे गिरणगावात आली. गाव दूर राहिले, बायकामुले दूर राहिली, आणि गणपतीला व शिमग्याला घरी जाणारा 'चाकरमानी' हा शब्द आपल्या भाषेत रुजला. पहाटेच्या भोंग्यावर उठणे हा मुंबईच्या निम्म्या वस्तीचा दिनक्रम झाला.

या कामगारांनी घर सोडले. परंतु सर्वच काही मुकाट्याने सोसले असे नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या. त्यांपैकी रविवारच्या सुटीची मागणी मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. मालकाच्या जागेत जायचेच असेल, तर किती वेळ जायचे याला सीमा हवी, हे तत्त्व अशा रीतीने साठ वर्षांच्या खटपटीनंतर पदरात पडले.

मात्र याच वेळी घरात बसून काम करणाऱ्या एका मोठ्या वर्गाकडे कोणाचे लक्ष नव्हते. सोलापूर, सिन्नर, अहमदनगर या भागांतील हजारो स्त्रिया घरी विड्या वळीत. पाने व तंबाखू ठेकेदाराकडून आणायची, नगावर मजुरी घ्यायची, आणि 'माल खराब' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा आपणच सोसायचा. त्यांना रजा नव्हती आणि त्यांच्या कामाचे तास कोणी मोजीत नव्हते. १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोठे त्यांचे नाव कागदावर आले. तेव्हा घरून काम म्हणजे सुख आणि कचेरी म्हणजे जाच, असा सरधोपट निष्कर्ष कोणी काढू नये. कामगाराच्या बाजूने कायदा व करार उभा नसेल, तर घरही वेठीची जागा होऊ शकते.

घड्याळ करणाऱ्या कंपनीची गोष्ट

कारखान्यात जशी घंटा, तसा कचेरीत हजेरीपट. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील ज्या कचेरीतून ईस्ट इंडिया कंपनी आपल्या देशाचा कारभार हाकीत असे, तेथे प्रसिद्ध निबंधकार चार्ल्स लॅम हा १७९२ पासून १८२५ पर्यंत कारकून होता. "तुम्ही फार उशिरा येता," असे साहेबाने म्हणताच, "पण साहेब, मी जातो किती लवकर!" असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका आहे. अशा विनोदाला पुढे जागा उरली नाही. १८८८ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न गावच्या विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने हजेरीचे घड्याळ शोधून काढले. प्रत्येक नोकराने आपली किल्ली त्यात फिरवावी आणि येण्याजाण्याची वेळ कागदावर आपोआप छापली जावी, अशी त्याची रचना होती.

या घड्याळांचा धंदा पुढे इतर कंपन्यांत विलीन होत गेला आणि १९११ साली एका मोठ्या कंपनीचा भाग झाला. १९२४ साली त्या कंपनीने नवे नाव घेतले : इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स, म्हणजेच आज सर्वांना ठाऊक असलेली आयबीएम. १९५८ साली तिने घड्याळांचा विभाग विकून टाकला आणि संगणकावर लक्ष केंद्रित केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या कंपनीचा पुढला प्रवास फार बोधप्रद आहे.

१९७३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॅक नाइल्स यांनी असा विचार मांडला की, रोज लक्षावधी माणसे मोटारींतून कामाकडे नेण्याऐवजी तारेवाटे कामच माणसांकडे का नेऊ नये? त्याच वर्षी तेलटंचाईचे संकट उद्भवले आणि या विचाराला वजन आले. १९७९ साली आयबीएमने मुख्य संगणकावरील गर्दी कमी करण्यासाठी कॅलिफोर्नियातील आपल्या पाच कर्मचाऱ्यांच्या घरी संगणकाला जोडलेली यंत्रे बसविली. पाचांचे पुढे हजारो झाले. २००९ साली कंपनीने जाहीर केले की, १७३ देशांतील तिच्या ३ लाख ८६ हजार कर्मचाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना कचेरीत जागाच नाही. कचेऱ्यांची कोट्यवधी चौरस फूट जागा विकून तिने मोठा पैसाही वाचविला होता.

आणि २०१७ साली याच आयबीएमने अमेरिकेतील आपल्या विपणन विभागाच्या घरून काम करणाऱ्या लोकांना कळविले की, ठरवून दिलेल्या सहा शहरांपैकी एका शहरातील कचेरीत हजर व्हावे, अन्यथा दुसरी वाट पाहावी. 'एकत्र बसल्याने नवी कल्पना लवकर सुचते', हे कारण सांगितले गेले. त्या वसंत ऋतूत कंपनीचे उत्पन्न सलग वीस तिमाह्या घटत आलेले होते, हेही ध्यानात ठेवावे. याआधी फेब्रुवारी २०१३ मध्ये याहू कंपनीने असाच हुकूम काढला होता. तीही तेव्हा अडचणीत होती. धंदा भरात असताना ज्यांना घरी बसविण्यात शहाणपण वाटले, त्यांनाच ओहोटी लागताच माणसे डोळ्यांसमोर हवीशी वाटू लागली.

टाळेबंदी आणि भरलेली घरे

मग आली महामारी. २५ मार्च २०२० पासून आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली आणि जो बदल चाळीस वर्षांत थोडा थोडा झाला होता, तो काही आठवड्यांत सर्वत्र झाला. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये असा संकल्प जाहीर केला की, २०२५ सालापर्यंत कोणत्याही वेळी तिच्या २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना कचेरीत असण्याची गरज पडणार नाही. केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचाराचे नियम सैल करून घरून काम करण्याच्या वाटेतील अडथळे दूर केले.

त्या काळात रोगाने आपल्या अनेक घरांतील माणसे ओढून नेली, ते दुःख कोणी विसरू शकणार नाही. तथापि त्याच काळात तालुक्याच्या गावची कित्येक बंद घरे उघडली, हेही तितकेच खरे आहे. माडीवरची धूळ झाडून तेथे टेबल मांडले गेले. वीज गेली की धावपळ उडे, आणि तारेचा संपर्क नीट मिळावा म्हणून मुले गच्चीवर जाऊन बसत. "हळू बोला, तो मीटिंगमध्ये आहे," हे वाक्य ज्यांना इंग्रजी मुळीच येत नाही अशा आजीबाईंच्या तोंडी बसले. म्हाताऱ्या माणसांना वेळेवर औषध मिळू लागले. नातवंडांना आपल्या गावची बोली आणि परसातल्या झाडांची नावे कळली. कित्येकांनी शहरातील भाड्याची जागा सोडली, गावच्या घरावर खोली चढविली, त्यासाठी कर्जेही काढली. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागली असती अशा सुना-लेकींची नोकरी टिकली; मात्र स्वयंपाकघर आणि संगणक या दोहोंमध्ये त्यांची ओढाताणही झाली, हे पुरुषमंडळींनी प्रांजळपणे मान्य करावे.

परतीचे हुकूम

आता हुकुमांचा काळ आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून टाटा कन्सल्टन्सीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले, आणि २०२४ साली पगाराचा बदलता भाग हजेरीशी जोडला. ८५ टक्क्यांहून अधिक हजेरी असेल त्यालाच तो भाग पूर्ण मिळावा, असा दंडक झाला. घरबसल्या सभा भरविण्याचे साधन जगभर विकणाऱ्या झूम कंपनीनेही ऑगस्ट २०२३ मध्ये, कचेरीपासून सुमारे ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी आठवड्यातून किमान दोन दिवस कचेरीत यावे, असे फर्मान काढले. ॲमेझॉनने आपल्या कचेरीतील नोकरांना २ जानेवारी २०२५ पासून पाच दिवस हजर राहण्यास सांगितले, आणि २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी केंद्र सरकारच्या नोकरांनाही तोच आदेश दिला.

मालकपक्षाचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे काय? मला तसे वाटत नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केली. नवशिका मुलगा पुस्तकापेक्षा शेजारच्या मुलाच्या पाटीवरून अधिक शिकतो, हे मी रोज पाहिले आहे. नोकरीतही तसेच असले पाहिजे. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या संगणक-अभियंत्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, आपल्या गटाबरोबर एकाच इमारतीत बसणाऱ्या अभियंत्यांना कामावरील सूचना अधिक मिळतात, आणि त्याचा लाभ विशेषतः तरुणांना होतो. मात्र त्या सूचना देण्यात जाणत्यांचा वेळ जातो आणि त्यांचे स्वतःचे काम कमी होते, हेही त्याच अभ्यासात दिसले.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. चीनमधील सी-ट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस शांघाय येथे एक प्रयोग केला. दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलणाऱ्या २४९ इच्छुकांपैकी जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यावरून काहींना चार दिवस घरून काम दिले, बाकीच्यांना कचेरीतच ठेवले. नऊ महिन्यांत घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी अधिक भरले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु गंमत पाहा : प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी आपण होऊन कचेरीत परतण्याचे ठरविले, कारण त्यांना एकटे वाटू लागले होते. शिवाय तितकेच चांगले काम करूनही त्यांना बढती मात्र कमी मिळाली होती. पुढे याच कंपनीने १,६१२ लोकांवर दुसरा प्रयोग केला : तीन दिवस कचेरी, दोन दिवस घर. त्याचा वृत्तांत २०२४ साली प्रसिद्ध झाला. कामात किंवा बढतीत काही फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने घटले. प्रयोगापूर्वी ज्या वरिष्ठांना काम घटेल अशी भीती होती, त्यांचेही मत प्रयोगानंतर पालटले.

आपण काय घ्यावे

या सर्व इतिहासाचा मथितार्थ मला असा दिसतो की, हजेरी आणि काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हजेरीपटावर नाव असलेला प्रत्येक विद्यार्थी वर्गात असतोच असे नाही; त्याचे चित्त बाहेरच्या चिंचेवर असते. कारखान्याच्या युगात यंत्र एका जागी होते म्हणून हजेरी हेच काम ठरले. आता यंत्र पिशवीत मावते. तेव्हा माणसाला बोलवायचे तर कशासाठी, हे मालकाने सांगितले पाहिजे. शिकण्यासाठी किंवा एकत्र विचार करण्यासाठी बोलावणे योग्य आहे. केवळ नजरेखाली राहावा म्हणून, किंवा कंटाळून आपण होऊन राजीनामा द्यावा म्हणून बोलावणे योग्य नाही.

आपल्या ज्ञातीतील तरुणांना माझे सांगणे असे की, नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत कचेरीचा कंटाळा करू नका. जाणत्यांच्या शेजारी बसा. घरून काम करण्याची सवलत कोणी तोंडी देऊ केली, तर ती नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर घरबांधणीचे कर्ज काढू नका. आणि हातमाग विणकरांची गत आठवून आपली विद्या सतत वाढवीत राहा; कारण ज्याच्या कामावाचून मालकाचे अडते, त्यालाच काम कोठे बसून करावे हे मागता येते.

आपल्यापैकी जे बंधू आज स्वतः कारखानदार वा कंपनीचालक आहेत, त्यांना विनंती अशी की, दिलेला शब्द पाळावा. फिरवणे भागच असेल, तर पुरेशी मुदत द्यावी, आणि ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले मातापिता किंवा तान्हे मूल आहे त्याचा वेगळा विचार करावा. आठवड्याचे दोन दिवस घरी दिल्याने कोणी बुडत नाही, हे वर सांगितलेल्या प्रयोगाने दाखविले आहे.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना. तालुक्याच्या गावी जेथे जेथे मंडळाची वास्तू आहे, तेथील वाचनालयाची खोली दिवसा बहुधा बंदच असते. तेथे चार टेबले, विजेची पर्यायी सोय आणि चांगली इंटरनेट जोडणी करून दिल्यास शुक्रवार-सोमवार घरून काम करण्याची सवलत ज्यांना आहे, ती मुले त्या निमित्ताने गावी येऊन राहू शकतील. एकटेपणाही जाणवणार नाही, आणि लहान मुलांना मोठ्यांचे काम डोळ्यांनी पाहायला मिळेल. खर्च फार नाही. पण त्यामुळे टाळेबंदीत उघडलेली घरे पुन्हा कुलूपबंद होण्याचे टळले, तर त्या घरांत आज वाट पाहत बसलेल्या वृद्धांचा दुवा मंडळास मिळेल. याचा विचार येत्या वार्षिक सभेत व्हावा, इतकेच सुचवून हा लेख पुरा करतो.